मोजणीच्या दिवशीची सही

शाळेच्या मैदानावर कुणी फक्कीच्या रेघा मारत असताना तो कोरडा, नाकात चढणारा वास आला की मला तिकोणा पेठजवळची ती जमिनीची मोजणी आठवते. तेव्हा वकिलीची सनद मिळून दोन वर्षं झाली होती, नोकरीच्या अर्जांना उत्तरंही येत नव्हती. वडगाव कोर्टातले माझे सीनियर म्हणाले, "अर्ज बास कर. मोजणी असेल तिथं जाऊन उभा राहा, बॅगेत कोरी वकीलपत्रं ठेव. डोकी फुटली की माणूस समोर दिसेल तो वकील धरतो." मी काळा कोट घालून गेलो. जमीन दोघा सख्ख्या भावांची होती. मोजणीदारानं हद्दीवर फक्कीची रेघ ओढली आणि धाकट्यानं ती पायानं पुसली. "ही हद्द मला मान्य न्हाई." थोरल्यानं दगड रोवायला आणलेली पहार उचलून त्याच्या गुडघ्यावर घातली. हाड मोडलेलं मला ऐकू आलं. तो पडल्यावर दुसरा घाव खांद्यावर बसला. फक्की रक्तात कालवली गेली. मोजणीदार पळाला. थोरला पहार टाकून धापा टाकत माझ्याकडं आला. "वकील हाय न्हवं तुमी? मग माजं बगा, आता पोलीस येतील." खाली पडलेला धाकटा ओरडत होता, "सायेब, गाडी बोलवा." मी बॅग उघडली, वकीलपत्र काढलं, थोरल्याला सहीची जागा बोटानं दाखवली आणि मग गाडीसाठी फोन लावला. आता माझे ज्युनियर विचारतात, काम कसं मिळवायचं. मी सांगतो, मोजणीला जात जा. आधी सही घेतली की आधी फोन केला, हे अजून कुणी विचारलेलं नाही.