खड्ड्यावरचे दोन ठोके

माझे अक्षर वाईट आहे आणि लिहिताना चुकाही होतात... चौथीनंतर शाळा सुटली, वाचणाऱ्याने माफ करावे. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आम्ही बौद्ध, अंगारा-धुपारा आमच्या घरात नाही. तरी हे घडले.

कुसगावजवळच्या कचरा शेडमध्ये मी कामाला होते. लोणावळ्याच्या हॉटेलांचा ओला कचरा तिथे खोल खड्ड्यात ओततात. गाडी मागे घेताना अडतो म्हणून मुकादमाने कठडा काढला होता. त्याऐवजी काठावर एक बाई पत्र्याचा डबा आणि काठी घेऊन उभी राहायची. एक ठोका म्हणजे ओत, दोन म्हणजे थांब.

त्या दुपारी डबा माझ्याकडे होता. बाकीच्या बाया जेवायला गेलेल्या. मक्याच्या सालींवरून पाय घसरला आणि मी डब्यासकट खाली गेले. पाय अंगाखाली मुडपला. डबा पाठीखाली चेपला, काठी कुठे गेली कळलं नाही. तोंडातून आवाज फुटेना. हलले की अजून रुतायची. भिंती बुळबुळीत, वर फक्त आभाळाचा तुकडा.

तेवढ्यात गाडी मागे येऊ लागली. मागचा फाळका उघडल्याचा आवाज आला. मी डोळे मिटले—

ठण्... ठण्.

गाडी थांबली. ड्रायव्हर रफिकभाऊ उतरले. "कोन हाय रं? वाजवतंय आन् दिसंना!" मग खाली वाकले. "या अल्ला... मावशी!"

दवाखान्यात त्यांनी विचारलं, "तुमी वाजवलं व्हय?"

"डबा माझ्या पाठीखाली होता, भाऊ."

माझी जोडीदारीण संगीता म्हणाली, "माझ्याकडं नका बघू. माझ्या हातात भाकर होती." शेडमध्ये दुसरा डबाच नाही.

दवाखान्याचा खर्च मुकादमाने केला आणि माझ्या पगारातून कापायला लागला. पाय जरा टेकवता येताच मला पुन्हा त्याच काठावर उभं केलं. काम सोडायचं म्हटलं की म्हणायचा, "पैसं फिटंस्तोर कुटं जाता, मावशी?" भीत भीत एकदा कठडा मागितला, तर सगळ्यांसमोर हसला. "तुमाला वाचवणारं हाय की तितं. कठडा कशाला?"

गाडी मागे यायला लागली की मी रोज काठापासून दोन पावलं मागे सरायची. ते ठोके परत कधी ऐकू आले नाहीत. कुणी मारले, ते मला आजही सांगता येणार नाही.

या पगाराला शेवटचे पैसे कापले. मुकादम म्हणाला, "फिटले सगळे." मी हातमोजे काढले, त्याच्या टेबलावर ठेवले आणि घरच्या रस्त्याला लागले.