सासऱ्यांच्या डिझेल गाडीची नळी

मी कोल्हापूरची, शाळेत फिजिक्स शिकवते. भूतखेत म्हटलं की माझं डोकंच फिरतं. तेव्हा "मॅडम, तुम्हीसुद्धा?" असं कुणी विचारू नका... घडलं तसं सांगते.

चेन्नईत अड्यारला आमचं घर. सासरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या तंजावरची मराठी. सासऱ्यांची एक जुनी डिझेल गाडी आहे. तिचे ब्रेक, दरवाज्यांची लॉक, सगळं व्हॅक्यूमवर — म्हणजे इंजिनाचा पंप नळ्यांतून हवा ओढतो, त्या जोरावर. इथल्या उन्हाने रबरी नळ्या तडकतात, म्हणून सासरे दर उन्हाळ्यात त्या तपासायचे. गेज-बिज काही नाही. इंजिनाजवळ लॉकची नळी काढायची, तोंडाने हवा ओढायची, की चारही दरवाज्यांच्या लॉकच्या खुंट्या टक्‌कन खाली. मग टोकावर जीभ दाबून धरायची. खुंट्या खालीच राहिल्या तर गळती नाही. गाडीत बसून "बसल्या!" म्हणून ओरडायचं काम माझ्या पाच वर्षांच्या सईचं.

सासरे मागच्या वर्षी गेले. नवरा म्हणाला, विकून टाकू. सासूबाई ऐकेनात. म्हणून यंदा मे महिन्यात, भर दुपारी मीच बॉनेट उघडलं. बॅटरी काढून ठेवली. सई मागच्या सीटवर, काचा बंद... तेव्हा ते लक्षातच आलं नाही.

हवा ओढली. सई ओरडली, "बसल्या!" मी तोंड काढलं. आता हवा आत शिरून खुंट्या सैल व्हायला हव्यात ना? झाल्या नाहीत. नळीवर बोट ठेवलं, तर बोट आत ओढलं जात होतं. इंजिन बंद, पंप बंद — आणि पलीकडून कुणीतरी थांबून थांबून हवा ओढत होतं. सासऱ्यांना दमा होता.

सईला खुंटी उचलवेना. चावी फिरेना. बॅटरीशिवाय काचा उतरेनात. पान्याने काचेवर घाव घातले, नुसता ओरखडा. पोर घामाने निथळत रडत होती, हळूहळू रडणंही बारीक झालं. मी, फिजिक्सची बाई, त्या नळीला तोंड लावून मामंजींच्या विनवण्या करत होते.

ओरडा ऐकून सासूबाई आल्या. वाकून नळी हातात घेतली आणि रोज मामंजींशी बोलायच्या त्याच सुरात म्हणाल्या,

"पोरीला सोडा. मी येते."

चारही खुंट्या वर आल्या.

सई बरी आहे, देवाची कृपा. मेकॅनिक म्हणाला, या नळ्या इतक्या तडकल्यात की त्यांत व्हॅक्यूम टिकूच शकत नाही. मग तो कसा टिकला? मी खूप डोकं खाजवलं.

गाडी मात्र सासूबाई विकू देत नाहीत. दुपारची जेवणं झाली की ठेवणीतली साडी नेसून मागच्या सीटवर जाऊन बसतात. मी चारही दारं सताड उघडून येते. काल ताक द्यायला गेले, तर दारं लावलेली, खुंट्या खाली. काच ठोठावली. त्यांनी हातानेच मला 'जा' म्हणून खुणावलं.

थोड्या वेळाने आल्या आपणहून, चहा प्यायला बसल्या. मी रडकुंडीला येऊन म्हटलं, आई, हे काय चालवलंय? त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"अजून वेळ आहे," म्हणाल्या.