भट्टीसमोरचं कुलूप

माझ्या नवऱ्याची आत्या, तारामती, घरात स्वयंपाक करत नाही. पाऊस असो, थंडी असो, तिची चूल अंगणात. लातुरातल्या आमच्या गल्लीत लोक तिला विक्षिप्त म्हणतात, पण तोंडावर म्हणायची कुणाची छाती होत नाही, कारण ती भयंकर तापट आहे. मीही तापट आहे. म्हणूनच आमचं जमतं.

औशाकडच्या एका खेड्यात ती शिक्षिका होती. भूकंपाच्या वर्षी माझा नवरा राघवेंद्र गणपती बुडवायला तिच्याकडे गेलेला, शाळकरी पोरगा होता तेव्हा. मिरवणूक लांबली, म्हणून लेझीमच्या पोरांबरोबर आत्या आणि तो शाळेच्या पटांगणातच झोपले. घरी तिचे यजमान एकटे, राघवेंद्र त्यांना मामा म्हणायचा. चोरांच्या धास्तीने ते दाराला आतून कुलूप घालायचे आणि चावी कोनाड्यात ठेवायचे. दगडमाती उपसली तेव्हा ते दाराशी सापडले, आणि कुलूप लागलेलंच होतं. हे राघवेंद्रने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. पुढचं सांगताना माझं डोकं फिरतं ते यामुळेच.

आत्या लातूरला भावाकडे आली, बदली करून घेतली, पण पक्क्या घरात काही शिरली नाही. अंगणात पत्र्याची खोली बांधून घेतली आणि तिच्या दाराला कडी लावू दिली नाही, नुसता पडदा. राघवेंद्रची आई आजारी असायची, त्यामुळे त्याला खरं वाढवलं ते आत्यानेच. भूकंप पाहिलेलं पोर म्हणून तो हुशार निघाला असं नातेवाईक कौतुकाने सांगत, आणि आत्या त्यांच्या अंगावर धावून जाई.

मग लातुरात क्लासचं पीक आलं. राघवेंद्र फिजिक्स शिकवायचा. आधी एक खोली, मग हॉल, मग अंगणाच्या पलीकडे मुलींचं दुमजली वसतिगृह. उदगीर, मुरुड, बिलोलीच्या मुली डॉक्टर व्हायला येऊन राहिल्या. जिन्याच्या तोंडाशी त्याने लोखंडी ग्रील बसवलं आणि संध्याकाळी त्याला कुलूप घालू लागला. म्हणे पालकांना त्याने विश्वास वाटतो. आमची उर्वी एकदा परीक्षेत मागे राहिली, तर घरात लक्ष लागत नाही म्हणून तिलाही त्या ग्रीलमागे ठेवलं. अंगणाच्या या टोकाला मी आणि त्या टोकाला माझी पोर. मी भांडले. आत्या तर महिनाभर त्याच्याशी बोलली नाही. त्याच्यावर काडीचा परिणाम झाला नाही.

तेव्हा आत्याने भट्टी बांधली. उर्वीला पिझ्झ्याचं वेड. आत्या आधी चेष्टा करायची, "जाड भाकरीवर भाजी सांडली, त्याचं काय येवढं?" पण गवंड्याला बोलावून विटामातीची बुटकी भट्टी तिने अशी घालून घेतली की तिचं तोंड बरोब्बर ग्रीलकडे. दगड एकही लावू दिला नाही. पिझ्झा आत-बाहेर करायला सुताराकडून एका पाटाला लांब दांडा बसवून घेतला. दर रविवारी संध्याकाळी तुराट्यांचा जाळ करायचा, दह्यात भिजवलेली कणीक मुलींनी थापायची, वर टोमॅटोचा रस्सा, कांदा, ढोबळी मिरची, चीज आणि शेवटी शेंगदाण्याची चटणी. भट्टी अंगणात, म्हणजे कुलूप काढणं आलंच. तिचा सगळा डाव तेवढ्यासाठी होता आणि तो मला पहिल्याच रविवारी कळला.

एका रविवारी मात्र राघवेंद्रने जाळ पेटल्यावर कुलूप घातलं. सोमवारी मोठा सराव पेपर होता.

"आत्या, आज नको. पोरी वाचायल्यात."

"कणीक फुगून बसलीय. कुलूप काढ राघू."

"एका रविवारने काय बिघडतं? चावी माझ्या टेबलातच आहे, कुठं पळून नाही चालली."

"तुझ्या मामाची चावी बी हाताशीच होती," आत्या म्हणाली.

तो पाठ फिरवून घरातल्या ऑफिसात गेला. त्या पाठीचा मला इतका संताप आला की हातातली परात त्याच्यामागे भिरकवावी असं वाटलं.

आत्याने पहिला पिझ्झा काढला. मी तो ताटलीत घेऊन ग्रीलपाशी गेले. आत पायरीवर उर्वी आणि तिच्या खोलीतली बिलोलीची महामाया बसल्या होत्या. पिझ्झा गजांतून जाईना. आडवा धरला, उभा धरला, चीज गजांना चिकटलं. खिडकीतून राघवेंद्र म्हणाला, "दुमडून दे की."

"दुमडून न्हाई देणार," आत्या भट्टीपासूनच म्हणाली. "मी कैद्यांना वाढत न्हाई."

तिने दुसरा पिझ्झा आत सरकवला आणि तेवढ्यात जमीन गुरगुरली. आमच्याकडच्या माणसाला तो आवाज सांगावा लागत नाही. पत्रे थडथडले, परातीतलं उलथनं खणखणलं. राघवेंद्र ऑफिसातून अनवाणी धावत आला. आत्याचा दंड धरला, माझं मनगट धरलं आणि आम्हा दोघींना ओढत अंगणाच्या मधोमध, भिंतींपासून लांब आणून उभं केलं. "बाहेर, बाहेर," एवढंच तो म्हणत होता.

एव्हाना गुरगुर थांबली होती. मग ग्रीलचा आवाज ऐकू आला. मुली जिन्यावरून एकमेकींवर आदळत खाली आल्या होत्या. सगळ्यांत पुढे उर्वी, गज दोन्ही हातांनी धरून.

"बाबा, कुलूप."

त्याने एका हाताने खिसे चाचपले. चावी टेबलात, टेबल घरात. त्याने घराकडे पाहिलं. त्याचे पाय हलेनात. मी मनगट सोडवू लागले तर त्याची पकड सुटेना, आणि मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आत्या त्याच्या हातातून निसटली होती. ज्या पक्क्या घरात ती सणालाही येत नाही, त्यात ती दुखऱ्या गुडघ्यांनी शिरली आणि चावी कुठली ते ठाऊक नसल्याने टेबलाचा अख्खा ड्रॉवरच उचलून घेऊन आली. कुलूप तिनेच काढलं. मुली अंगणात आल्या, काही रडत होत्या. महामाया आत्याचा हात धरून विचारत होती, "आज्जी, तुम्ही बऱ्या आहात ना?"

कुठे काही पडलं नाही, साधा पेलाही फुटला नाही. भट्टीतला पिझ्झा तेवढा करपला. आत्याने तो काढून फेकला आणि म्हणाली, "बसा. कणीक थापा." मुली बसल्या. थापू लागल्या.

पिझ्झा झाला तसा राघवेंद्र स्वतः ताटली घेऊन उर्वीपाशी गेला. तिने ती घेतली नाही.

"बाबा, तुम्ही आत्याआजीला ओढून बाहेर काढलंत. आईला काढलंत."

एवढं म्हणून तिने ग्रीलकडे पाहिलं. तो ताटली धरून तसाच उभा होता. कुणी त्याच्या हातून ती घ्यायलाही गेलं नाही. मीसुद्धा नाही.

सोमवारी पेपर चालू असतानाच त्याने वेल्डर बोलावून ग्रील कापून काढलं. दोन पालकांनी तक्रार करून मुली नेल्या, नेऊ देत. ते ग्रील आता भट्टीशेजारी विटांवर आडवं पडलंय, गरम पिझ्झे आम्ही त्यावर ठेवतो. त्या रविवारनंतर अबोला धरलेली आत्या त्याच्याशी पुन्हा बोलू लागली आहे. मी अजून बोलत नाही.