पेले हालतात

नारपोलीत आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर कापड विणायचे लूम आणि वर आमची खोली. फरशी दिवसभर थरथरायची. "तुझ्या पाळण्याला कधी झोका द्यावा लागलाच न्हाय," आई सांगायची. शुक्रवारी लूम बंद. त्या शांततेत उलट आम्हालाच करमायचं नाही.

त्याच खडखडाटानं आईचे कान गेले. फोनवर ओरडलं तरच तिला कळायचं. लूम चालू आहेत की नाहीत, हे ती फळीवरच्या पेल्यांकडे बघून ओळखायची.

दर पावसाळ्याआधी महापालिकेचा माणूस यायचा, जिन्यात 'धोकादायक इमारत' अशी नोटीस चिकटवून जायचा. जुन्या नोटिशीवर नवी. भिंत त्या कागदांवरच उभी आहे, असं म्हणून आम्ही हसायचो. हसायचो, कर्म आमचं! प्रभाग कार्यालयात मी किती चपला झिजवल्या. राहायला दुसरी जागा द्या म्हटलं की एकच उत्तर, "नोटीस दिली ना मॅडम? मग रिकामं करा." रिकामं करून जायचं कुठे? खोली सोडली की हक्क गेला, ही भीती सगळ्यांनाच.

माझ्या घरी चल म्हणून मी आईच्या हातापाया पडले. "माझं काय वाईट चाललंय हितं?" म्हणायची. वर्षानुवर्षं हटली नाही.

त्या दुपारी मी पूर्ण्याच्या गोदामात ड्युटीवर होते. गोदामाला शुक्रवार नसतो. ट्रक लागला की काम. वार कुठला, हेच माझ्या डोक्यातून गेलेलं. आईचा फोन आला.

"पेले हालतात गो. खाली उतरू काय?"

समोर ड्रायव्हर खोळंबलेला. मी वैतागून ओरडले, "अगं, लूम चालू असतील! झोप गप."

"बरं," ती म्हणाली.

संध्याकाळी ढिगाऱ्यापाशी एक साहेब कॅमेऱ्यासमोर सांगत होते, नोटीस दिली होती. खोटं नव्हतं ते. त्यांची गचांडी धरावी असं वाटलं, पण कुठल्या तोंडानं धरणार? लूमवाले कामगार सगळे वाचले. शुक्रवार होता, त्यांना सुट्टी होती.

इतकी वर्षं मी तिला बाहेर पड म्हणत होते. एकदाच तिनं आपणहून विचारलं.

आई चटईवर सापडली. अंगावर चादर घेतलेली होती.