पट्टीवरचे चार आकडे

आमचं चॅनल जेमतेम सव्वा वर्ष जगलं. तरुणांसाठी मराठी गाण्यांचं चॅनल, चोवीस तास, आणि तेही पुण्यातून! मुंबईवाल्यांना दाखवून देऊ, असं आमचे सर उद्घाटनाच्या पेढ्याबरोबर प्रत्येकाला सांगत होते. मुंबईवाल्यांनी काही बघितलं नाही. बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या वर तिसरा मजला, भिंतींना डोळ्यांत खुपणारा नारिंगी रंग, एक स्टुडिओ आणि त्यात उड्या मारत बोलणारी चार पोरंपोरी. ती पडद्यावर दिसायची. मी दिसत नसे. माझं काम पडद्याखालच्या पट्टीचं.

पट्टी म्हणजे गाणं चालू असताना खालून सरकत जाणारे प्रेक्षकांचे मेसेज. 'कोथरूडच्या राणीला तिच्या वेड्याकडून', असले. ते माझ्या कॉम्प्युटरवर यायचे. मी शिव्या काढायचे, आडनावं काढायचे, टोपणनाव आणि एरिया ठेवायचे आणि बटण दाबायचे. एरिया हवाच, हा सरांचा हट्ट. "लोकांना आपल्या गल्लीचं नाव टीव्हीवर दिसलं पाहिजे," म्हणायचे. मास कम्युनिकेशनचा डिप्लोमा करून मी हे दिवे लावत होते. घरी आईला सांगितलं होतं, असिस्टंट प्रोड्युसर.

आणि खरं सांगायचं तर निम्म्याहून जास्त मेसेज मीच लिहायचे. लोक कसले पाठवतायत डोंबल! पट्टी रिकामी दिसली की सर काचेतून डोळे वटारायचे. मग मी हडपसरचा राजा होऊन कात्रजच्या परीला गाणं पाठवायचे, पाच मिनिटांनी परी होऊन त्याला उत्तर द्यायचे, आणि कंटाळा आला की दोघांचं भांडण लावून द्यायचे. या उद्योगामुळे माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. पट्टी कुणी वाचत नाही.

एक गृहस्थ मात्र वाचत होते. त्यांनी पोस्टकार्ड पाठवलं: 'आपले सर्व प्रेक्षक एकाच माणसाच्या डोक्याने विचार करतात असे दिसते. अभिनंदन.' पुणेरीच ते. सर लालबुंद झाले. हुकूम सुटला, की उद्यापासून प्रत्येक मेसेजपुढे पाठवणाऱ्याच्या मोबाइलचे शेवटचे चार आकडे दाखवायचे, म्हणजे लोकांना मेसेज खरे वाटतील. खऱ्यांना खरे आकडे आणि माझ्या राजा-परीला मनाचे आकडे, असं सुरू झालं. मी हूं की चूं केलं नाही. माझ्या मनात काही आलंच नाही, तर बोलणार काय?

खऱ्या मेसेजांत एक चिमणी होती. विश्रांतवाडीची, म्हणजे माझ्याच भागातली. ती रोज चारच्या सुमाराला कुणा कावळ्याला मेसेज पाठवायची. 'कावळ्या, आज क्लासला नव्हते, रागावू नकोस.' 'कावळ्या, तुझ्या दुकानातला टीव्ही मोठा कर, हे गाणं तुझं.' मला तिचा लळा लागला होता. चार वाजून गेले आणि चिमणी आली नाही, की मला चुकल्यासारखं व्हायचं. ज्या नंबरावरून मेसेज यायचा तो पूर्ण नंबर माझ्यासमोर असायचा, पण नंबर कोण बघतं? मी मजकूर बघायचे.

आकडे दाखवायला लागून तिसराच दिवस. चारला मेसेज आला: 'कावळ्या, उद्या अकरा वाजता. नेहमीची जागा. कागदपत्रं विसरू नकोस.' अगं बाई, म्हटलं, पळून लग्न! मला काय आनंद झाला. मी तो एकदा नाही, तासाभरात सहा वेळा फिरवला. चिमणी, विश्रांतवाडी आणि पुढे चार आकडे.

संध्याकाळी घरी पोचले तर आमच्या इमारतीखाली एक जीप उभी होती, बाहेरगावची, चिखलाने भरलेली. तीत दोन माणसं नुसती बसून होती. मी वर जाऊन चप्पल काढते न काढते तोच पहिल्या मजल्यावरचे काका आले. सरकारी नोकरीतला माणूस, आवाज कधी चढलेला कुणी ऐकला नव्हता. त्यांची मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि मला ताई म्हणायची. काका आमच्या खुर्चीत बसले, खिशातून चिठ्ठी काढली आणि माझ्यापुढे धरली. तिच्यावर चार आकडे होते.

"बाळ," ते म्हणाले, "हा आमच्या हिचा नंबर. गावाकडच्या पुतण्याने टीव्हीवर बघितला आणि मला कळवलं. हिला तर मेसेज वाचताही येत नाहीत. तुमच्या चॅनलवर हे कोण लावतं?"

सहामाहीत नापास झाली म्हणून काकांनी पोरीचा मोबाइल काढून घेतलाय, हे सगळ्या इमारतीला माहीत होतं. ती आईच्या फोनवरून पाठवायची आणि पुसून टाकायची. रोज चारला मी जिची वाट बघत होते, ती दोन जिने खाली राहत होती!

"आपोआप लागतात, काका," मी म्हणाले.

"असेल. पण कॉम्प्युटरमध्ये राहतात ना? या नंबरावरून आजवर गेलेले सगळे मेसेज मला पाहिजेत. पोरगा कोण, नेहमीची जागा कुठली, त्यात सापडेल. तिला आतल्या खोलीत ठेवलंय, कडी लावून. ती तोंड उघडत नाही." मग हात जोडल्यासारखं करून म्हणाले, "उद्या दहा वाजता मी फोन करतो, तू वाचून दाखव. अकराला आम्ही तिथे जाऊ. नुसतं समजावून सांगायला."

आम्ही म्हणजे कोण, ते जीपमध्ये बसलं होतं. काका ओरडले असते तर मी इतकी घाबरले नसते. त्यांनी आईने दिलेला चहा संपवला, कप स्वतः मोरीत ठेवला, भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या फोटोकडे एकदा बघितलं आणि गेले.

"तुझा काही संबंध?" आईने विचारलं.

"नाही."

"नसू दे," आई म्हणाली आणि दार लावून घेतलं. एरवी आमचं दार नऊपर्यंत उघडं असतं.

दुसऱ्या दिवशी मी नऊलाच ऑफिसात हजर. त्या नंबराचे सगळे मेसेज काढले आणि वाचता वाचता माझं होतं नव्हतं तेवढंही अवसान गेलं. एकात जागा होती: 'जुन्या पुस्तकांच्या दुकानासमोर, अप्पा बळवंत चौक.' दुसऱ्यात: 'कावळ्या, जयंतीच्या मिरवणुकीत निळा फेटा काय भारी दिसत होता तुला.'

म्हणजे मुलगा आमच्यातला होता. काका आमच्यातले नव्हते. शेजार चांगला होता, दिवाळीचा फराळ यायचा, आमची खीर जायची, सगळं होतं. पण अशा पोरांचं पुढे काय होतं, त्याच्या बातम्या आमच्या घरात लहानपणापासून मोठ्याने वाचल्या जातात. मला त्या सगळ्या एकदम आठवल्या. जीपमधली ती दोन माणसं आठवली. हा मेसेज मी दहा वाजता फोनवर वाचून दाखवायचा?

मुलाचा नंबर माझ्याकडे नव्हता. तो बुधवार पेठेत मोबाइलच्या दुकानात कामाला आहे, एवढं मेसेजांवरून कळत होतं; पण तशी दुकानं शेकडो, त्यात हा कुठल्या दुकानात, कुणास ठाऊक. त्याच्यापर्यंत पोचायचा एकच रस्ता मला माहीत होता, आणि तो माझ्या बोटाखाली होता. पण तीच पट्टी काकाही घरी बसून बघत असणार. 'घरी कळलंय, पळ' असं लिहिलं तर ते मी लिहिलं हे कळायला त्यांना कितीसा वेळ लागला असता? मग आमचं दार, माझी आई, फॅक्टरीतून दुपारी दमून येणारे माझे वडील, सगळं माझ्या डोळ्यांपुढे आलं. माझी पाचावर धारण बसली. घाबरलेला माणूस फार हुशार होतो. मी असा मेसेज लिहिला, की मुलगाही वाचेल आणि काकाही खूश होतील.

'कावळ्या, येऊ नकोस. घरचे म्हणतात तेच बरोबर. मला विसर. चिमणी, विश्रांतवाडी.' पुढे मनाचे चार आकडे.

वर्षभर खोटं लिहून बसलेला हात होता माझा. चिमणीची भाषा मला पाठ होती. पावणेदहापासून पंधरा मिनिटं तोच फिरवत राहिले. मग तिचे जुने सगळे मेसेज पुसून टाकले.

बरोबर दहाला फोन आला. "बाळ, आत्ता बघितलं टीव्हीवर," काका म्हणाले. त्यांचा आवाज भरून आला होता. "सकाळी तिची मैत्रीण वही न्यायला आली होती, तिच्या फोनवरून कळवलं असणार. शहाणी आहे माझी पोर. आता ती यादी वगैरे राहू दे. मी ऑफिसला जातो, पाहुण्यांनाही परत पाठवतो."

माझा जीव भांड्यात पडला. सुंठीवाचून खोकला गेला, असं मी चक्क मनात म्हणाले. पोरगा वाचला, पोरीचा मार वाचला, माझं नाव कुठे आलं नाही. अकरा वाजता एकदा वाटलं, चौकात जाऊन बघावं, तो आला तर नाही ना. दहा मिनिटांचा रस्ता. पण जीप खरंच परत गेली असेल कशावरून? तिथे मला कुणी बघितलं तर? मी खुर्चीवरून उठले नाही. हडपसरच्या राजाकडून कात्रजच्या परीला गाणं पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका मुलीला गावी घेऊन गेले. जिन्यातून उतरताना तिची पाठ तेवढी दिसली. महिन्याभरात तिचं लग्न लागलं आणि थोड्या दिवसांनी ते कुटुंबच फ्लॅट सोडून गेलं. पाठोपाठ आमचं चॅनलही बंद पडलं. एका सोमवारी गेलो तर पडद्यावर नुसता निळा रंग. सरांनी सगळ्यांचे आभार मानले, कुणीतरी माझा कॉम्प्युटर वायरीसकट उचलून नेला. बाकीची पोरं रडत होती. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची लाजही वाटली.

मागच्या वर्षी सदाशिव पेठेत एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसले होते. शेजारच्या बाईने डोळ्यांत औषध घालून डोळे मिटून घेतले होते. तसेच मिटलेले ठेवून ती म्हणाली, "ताई, आवाजावरून ओळखलं तुला." मी मघाशी काउंटरवर भांडले होते, तेव्हा ऐकला असणार. चिमणीच होती ती, काकांची मुलगी. आईची, वडिलांची, सगळी विचारपूस झाली. दोन मुलं आहेत, नवरा बरा आहे, म्हणाली. मग तिने विचारलं, "तुमच्या पट्टीवर माझ्या नावाने एक मेसेज लागला होता. मी पाठवलाच नव्हता गं तो. कुणी पाठवला असेल?"

मी हातातल्या नंबराच्या चिठ्ठीची घडी घातली. ती सांगत राहिली.

"त्या दिवशी सकाळी बाबा काय माहीत कसे, एकदम शांत झाले. ऑफिसला गेले. आईने कडी काढली आणि म्हणाली, जा. बस. एवढंच म्हणाली. मी कागद घेऊन चौकात पोचले, अकराला पाच कमी होते. दीडपर्यंत उभी होते, ताई. मग त्याच्या दुकानात गेले. मालक म्हणाला, टीव्हीवर नको म्हणालीस ना त्याला, आता कशाला आलीस? तो सामान घेऊन गेला, गावी. तीन वाजता मी आपल्या पायांनी घरी परत गेले."

तिचे डोळे मिटलेले होते म्हणूनच मला बोलता आलं. इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं, आईलाही नाही. "तो मीच लिहिला," मी म्हणाले. "त्याला मारतील म्हणून घाबरले होते. आणि माझं नाव येईल म्हणूनही."

तिने डोळे उघडले. औषधाने बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या, तिला मी धड दिसतही नसणार. ती माझ्या दिशेने बघत राहिली. मला वाटलं आता शिव्या देईल, आणि देवाशपथ, मला त्या हव्या होत्या.

"तुझं ऑफिस तिथेच तर होतं," ती म्हणाली. "एकदा येऊन बघायचंस ना, ताई. मी तिथेच होते."