बॉयलरखोलीची पत्रं

गाडीने नरखेड सोडलं आणि बुढ्याचे ओठ जांभळे पडले. नागपूरहून पांढुर्ण्याला परत येत होतो. डबा गच्च भरलेला. तो खिडकीशी बसून नुसतं तोंड उघडत होता, मिटत होता, हवा काही आत जात नव्हती. मी पदराने वारा घालत होते. माझ्या मांडीवरच्या पिशवीत नामंजुरीचा कागद होता. फुफ्फुसाचा आजार नौदलाच्या नोकरीमुळे नाही, जिनिंग कारखान्यातल्या कापसाच्या धुळीमुळे झाला, असं त्यात लिहिलं होतं. खाली एक ओळ होती : पत्नीने दिलेल्या माहितीवरून.

ती पत्नी मी.

पांढुर्ण्याला दोन माणसांनी त्याला धरून उतरवलं. फलाटावरच्या बाकावर तो बराच वेळ बसला. रंग परत आला, श्वास लागला, आणि पहिलं वाक्य बोलला, "तुले कोनं विचारलं होतं वं?"

खरंच, मला कोणी विचारलं नव्हतं. लष्करी दवाखान्यातल्या डॉक्टरने त्यालाच विचारलं होतं की बाबा, कुठे कुठे काम केलं. पण तो खोकतो आणि उत्तर मी देते, अशी आमची कित्येक वर्षांची रीत. मी म्हटलं, जिनिंगमध्ये होता. डॉक्टरने तेच लिहून कागद मेडिकल बोर्डाकडे पाठवले.

खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. तरुणपणची सगळी वर्षं बुढा जहाजाच्या बॉयलरखोलीत होता. पेन्शन घेऊन गावी आला आणि मग दोन-चार हंगाम जिनिंगच्या फाटकावर बसला. सरकी आणि कापसाची धूळ आत उडायची, हा बाहेर लिंबाखाली गाड्या मोजायचा. मला हे माहीत होतं. तरी मी जिनिंगचं नाव घेतलं, कारण मी घाबरले. ज्याचं मीठ खातो त्या जहाजावर आळ कसा घालायचा? घातला आणि चालू पेन्शनही बंद केलं तर? जिनिंगवाल्याचं आम्ही काही खात नव्हतो, म्हणून त्याच्यावर ढकललं. आमच्याकडे तसंही कोणी खोकलं की लोक जिनिंगच म्हणतात.

माजी सैनिकांचे कागद पाहणारा एक निवृत्त सुभेदार आहे. त्याच्याकडे गेले आणि सगळं सांगितलं. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "काकू, जहाजावर आळ घालायचाच असते. सरकारनंच तसा नियम केला. आजार नोकरीतला ठरला तर काकाले घरी श्वासाचं मशीन भेटते, औषध भेटते. पेन्शन वाढते, बंद नाई होत."

"मंग आता?"

"आता अपील. पन जहाजावर त्या पांढऱ्या धुळीत काम केलं, याचा पुरावा पायजे. रेकॉर्डात नुसतं इंजिन विभाग लिहून हाय. संगतचं कोनी?"

संगतचे कोणी उरले नव्हते. एकेकाच्या घरून पत्र येत गेलं तसं बुढ्याने सांगितलं होतं.

पांढरी धूळ म्हणजे ॲस्बेस्टॉस, हे मला सुभेदाराकडून कळलं. वाफेच्या नळांची उष्णता बाहेर पडू नये म्हणून त्यांच्यावर त्याचं जाड वेष्टण असायचं. तेव्हा कोणाला त्याचं भय नव्हतं, नाकाला फडकंही बांधत नव्हते.

घरी आले आणि तारेकडे लक्ष गेलं. माझ्या सासऱ्याची एक वाकडी तार खुंटीला टांगलेली असते. कापूस विकल्याच्या पावत्या तो तिच्यात खुपसायचा. मी लग्न होऊन आले आणि नवऱ्याचं पहिलं पत्र आलं, तेव्हा मला वाटलं घरातला कागद इथेच जातो. म्हणून मीही खुपसलं. पुढची सगळी पत्रंही तिथेच. प्रत्येकाच्या पोटात एक भोक.

मी चौथी शिकलेली. बोट ठेवून वाचते. तीन दिवस वाचत बसले. बुढा खाटेवरून पाहत होता.

"काऊन हासून राहिली?"

"तुमी लिहिलं, माह्या भावाले अक्कल नाई."

"त्याचा पुरावा कोनी मांगत नाई. समोर वाच."

चौथ्या दिवशी ते पत्र सापडलं. लिहिलं होतं : 'बॉयलर बंद आहे. नळांवरचं जुनं वेष्टण हातानं सोलून राहिलो. पांढरी भुकटी एवढी उडते की बाजूचा माणूस दिसत नाही. काम झालं की त्याचे गोळे करून गोटमार खेळतो. आम्ही सहा जण. तीन सावरगाव, तीन पांढुर्णा. इथले गोटे मऊ, रक्त निघत नाही. काल सावरगाव जिंकलं. मग तोंड पुसलं आणि तिथंच जेवलो. लिंबाचं लोणचं पाठव.'

बुढा सावरगावचा, मी पांढुर्ण्याची. मी म्हटलं, "तिथंबी सावरगावच जिंकवलं."

"मीच तं पंच होतो."

शेजारच्या मास्तरणीने पत्र हिंदीत लिहून दिलं आणि अपील गेलं. बोर्डाने पुन्हा नागपूरला बोलावलं. या वेळी मी पदर तोंडात धरून बसले. टेबलामागे तिघे होते, मधली मोठी डॉक्टरीण. तिने पत्र दोनदा वाचलं आणि बुढ्याला विचारलं, "बाबा, ये गोटमार क्या है?"

बुढ्याने सांगायला सुरुवात केली आणि तिसऱ्या शब्दाला खोकला लागला. डॉक्टरीण माझ्याकडे वळली. मी बुढ्याकडे पाहिलं. त्याने हाताने खूण केली, बोल.

मी सांगितलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत झाड रोवतात, वर झेंडा असतो. या काठाला पांढुर्णा, त्या काठाला सावरगाव, आणि दोन्हीकडून दगड. डोकी फुटतात. दुसऱ्या दिवशी तेच लोक एकमेकांच्या घरी चहा पितात.

"और जहाज़ पर इससे खेलते थे?" तिने पत्रावर बोट ठेवलं. ती हसत नव्हती.

"रोज, मॅडम," बुढा म्हणाला. "अच्छा लगता था."

मग मी जिनिंगचंही सांगून टाकलं. तो फाटकावर बसायचा, आत नाही. मी भिऊन बोलले, चूक माझी. तिने लिहून घेतलं. नंतर म्हणाली, "माताजी, छुट्टी में इनकी वर्दी कौन धोता था?"

"मीच. झटकून."

ती धूळ माझ्याही छातीत गेली असेल, म्हणून तिने माझाही छातीचा फोटो काढायला लावला. त्यात काही निघालं नाही.

संत्र्याला बहर आला तेव्हा मंजुरीचा कागद आला आणि त्यामागे मशीन आलं. ते घरघरतं, बुढा नाकात नळी घालून बसतो आणि म्हणतो, बॉयलरखोलीची आठवण येते. मंजुरीचा कागद मी तारेत खुपसणार होते. त्याने ओरडून थांबवलं. त्याला एवढ्या जोराने ओरडता येतं, हे पाहून मला बरं वाटलं.

त्या पत्रातल्या सहा जणांपैकी पाच गेले. आमचा बुढा आहे. त्याचे कपडे झटकणारी मीही आहे.