तीन इंच उंच जीप

माझी उंची पाच फूट तीन इंच आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण जीप उंच करून घेण्याची जी कारणं मी लोकांना सांगायचो, त्यात हे कधीच नसायचं. मी सांगायचो की आम्ही चार-पाच जण सुट्टीच्या दिवशी देवासच्या पलीकडे टेकड्यांवर गाड्या घेऊन जातो आणि नाल्यांतले दगड गाडीच्या पोटाला घासतात. ते खोटं नव्हतं. पण बँकेतला माझा एक सहकारी संध्याकाळी आमच्या शहरातल्या टावर चौकात आपल्या भल्या मोठ्या गाडीच्या खिडकीतून खाली बघत माझ्याशी बोलायचा, आणि मी मान वर करून उत्तर द्यायचो. ते मला डाचत होतं. पंचेचाळिशीच्या माणसाला असलं काही डाचावं, हे आज लिहितानासुद्धा बरं वाटत नाही.

जीप जुनी होती, गुंडाळी स्प्रिंगच्या जागी लोखंडी कमानपट्ट्यांवर तोललेली. शहरात नानाखेड्याच्या बाजूला एक मिस्त्री आहेत, साठी ओलांडलेले. त्यांच्या वर्कशॉपमध्ये त्यांचा धाकटा भाऊ काम करतो. तो चाळिशीचा, फार कमी बोलणारा. मी चार इंच म्हणालो, मिस्त्री दोनवर अडले, शेवटी तीन ठरले. त्यांनी मला समजावून सांगितलं की गाडी नुसती उचलून चालत नाही. उचलली की पुढच्या चाकांचा कल बदलतो, स्टिअरिंगचा दांडा तिरका होतो, ब्रेकच्या नळ्या ताणल्या जातात, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. हे सगळं पुन्हा जागेवर आणावं लागतं. त्यांनी ते आणलंही. नवे उंच पट्टे, लांब शॉकअॅब्सॉर्बर, लांब नळ्या, आणि पुढच्या ॲक्सल आणि पट्ट्यांच्या मध्ये लोखंडी पाचरी, चाकांचा कल परत मिळावा म्हणून.

गाडी ताब्यात देताना ते एवढंच म्हणाले, "पाँच सौ किलोमीटर पर एक बार आ जाना साब. नये पट्टे बैठते हैं, यू-बोल्ट फिर से कसने पड़ते हैं. भूलना मत." पट्टे ॲक्सलला आवळून धरतात ते हे यू-बोल्ट.

मी विसरलो नाही. विसरलो असतो तर आज इतकं वाईट वाटलं नसतं. पाचशे किलोमीटर झाले तो रविवार मला आठवतो. सकाळी नानाखेड्याला जायचं ठरवलं होतं, पण मित्रांचा फोन आला, टेकडीवर निघालो आहोत म्हणून, आणि मी तिकडे वळलो. पुढच्या रविवारीही तेच. गाडी छान चालत होती. चौकात उभी केली की लोक वळून बघायचे. सहकाऱ्याच्या खिडकीशी माझी खिडकी आता बरोबरीची झाली होती. अर्धा तास वर्कशॉपमध्ये घालवायला मला वेळच मिळेना.

फक्त आईला ती गाडी नकोशी झाली होती. तिचं वय बहात्तर, गुडघे दुखरे. चढताना तिच्यासाठी घरातला लाकडी पाट रस्त्यावर आणून ठेवावा लागायचा. बायको एका हाताने तिला धरायची आणि मी वरून ओढून घ्यायचो. कॉलनीतले लोक बघायचे. आई एकदा म्हणाली की यापेक्षा ऑटो बरा. मी ते हसण्यावारी नेलं.

मार्च महिन्यात देवासला माझ्या मेहुण्याच्या मुलाची मुंज होती. आम्ही तिघं सकाळीच निघालो. आई पुढे बसली होती, कारण मागे चढणं तिला जमतच नव्हतं. दोन-तीन दिवसांपासून स्टिअरिंग थोडं सैल लागत होतं. गाडी सरळ रस्त्यावर एका बाजूला जायची, मी तिला परत आणायचो. रस्त्याचा दोष असेल म्हणून मी ते सोडून दिलं होतं.

एका पुलाच्या सुरुवातीला रस्त्यात जोड आहे. वेग सत्तरच्या आसपास होता. पुढची चाकं त्या जोडावरून गेली आणि स्टिअरिंग माझ्या हातात थडथडायला लागलं. थडथडायला हा शब्दही कमी आहे. चाक डावीकडे-उजवीकडे असं आपटत होतं की माझी कोपरं हलत होती, टपापासून खालपर्यंत अख्खी गाडी हादरत होती. मागून बायको काहीतरी म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. ब्रेक दाबला तेव्हा आई पुढे गेली आणि तिचं तोंड समोरच्या लोखंडी दांड्यावर आदळलं. वेग तीसच्या खाली आला तेव्हा सगळं एकदम शांत झालं, जणू काही झालंच नव्हतं.

आईचा ओठ फाटला होता आणि पुढचा एक दात अर्धा तुटला होता. तिचे सगळे दात स्वतःचे होते, याचा तिला अभिमान होता. तुटलेला तुकडा तिने रुमालात घेतला आणि मला म्हणाली, "हळू चल आता. मुहूर्त चुकायला नको."

मुंजीत ती दिवसभर तोंडावर पदर धरून बसली. भिक्षावळ घालताना तेवढा बाजूला केला. मेहुण्याने विचारलं, काय झालं. मी म्हणालो, "मिस्त्रीने काम बिघडवलं."

हे इतक्या सहज निघालं की मला स्वतःलाच कळलं नाही. मेहुणा मानेने होकार देत राहिला. त्याची गाडीही त्याच मिस्त्रीकडे जायची, मीच पाठवली होती. मग जेवणाच्या पंगतीत आणखी दोघा-तिघांनी विचारलं आणि प्रत्येक वेळी मी थोडा अधिक रागावून सांगितलं. संध्याकाळपर्यंत मला खरंच राग आला होता.

परतताना तीसच्या वर गेलोच नाही. दुसऱ्या दिवशी बँकेत उशिरा येतो म्हणून कळवलं आणि सरळ वर्कशॉपमध्ये गेलो. तिथे पाच-सहा गिऱ्हाइकं बसली होती. एका शाळेच्या व्हॅनचा ड्रायव्हर, ट्रॅक्टरचे सुटे भाग विकणारा एक शेठ, बाकीचे अनोळखी. मी उभ्या उभ्याच बोलायला सुरुवात केली. आईचा दात, फाटलेला ओठ, पुलावर काय झालं असतं, सगळं.  माझं संपल्यावर मिस्त्रींनी आईची तब्येत विचारली, आणि मग विचारलं, "पाँच सौ पर आप आए थे?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "आया था. आप नहीं थे. आपके भाई ने कसे थे."

भाऊ मागच्या बाजूला एका गाडीचं चाक उतरवत होता. तो तसाच उभा राहिला. हातातला पाना खाली ठेवून म्हणाला की ही गाडी त्या दिवसानंतर त्याने पाहिलेलीच नाही. मिस्त्री त्याच्याकडे वळले. आवाज चढवला नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"साब झूठ क्यों बोलेंगे? बैंक में हैं. तूने ही ठीक से नहीं कसे होंगे."

भावाने माझ्याकडे पाहिलं. मी त्या वेळी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरेसं होतं. मी खिशातून फोन काढला आणि बँकेतून काही निरोप आलाय का ते बघत बसलो.

मिस्त्रींनी काम भावालाच दिलं. त्यांची स्वतःची कंबर धरली होती, वाकवत नव्हतं. मी गाडी ठेवून जाऊ शकलो असतो, पण रागावलेल्या गिऱ्हाइकाने देखरेख करायला हवी, असं मला वाटलं असावं. मी स्टूल ओढून तिथंच बसलो. भावाने पुढची चाकं उतरवली आणि पट्ट्यांवरचा टेकडीचा वाळलेला चिखल तारेच्या ब्रशने घासून काढला. खालून यू-बोल्टचे नट दिसायला लागले. प्रत्येक नटावरून खालच्या पट्टीवर ऑइलपेंटची एक बारीक पिवळी रेघ ओढलेली होती.

त्याने मला जवळ बोलावलं. मला वाटलं, तुटलेलं काही दाखवतोय. त्याने रेघेवर बोट ठेवलं. बोल्ट पहिल्यांदा कसल्यावर मिस्त्री ही रेघ ओढत. नंतर कोणी नट पाना लावून फिरवला, तर नटावरची रेघ पुढे सरकते आणि पट्टीवरची मागे राहते. आठही नटांवरच्या रेघा अखंड होत्या. पट्टे बसले होते, पकड ढिली पडली होती, पाचर सरकली होती, पट्टे एकत्र धरणारा मधला बोल्ट कापला गेला होता, पण नटाला कोणाचा हातसुद्धा लागला नव्हता.

 त्याने माझ्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि पाना लावून नट फिरवायला लागला. रेघा तुटल्या. आता पुरावाही राहिला नव्हता. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं, हेही सांगितलं पाहिजे.

काम दोन दिवस चाललं. नव्या पाचरी, नवे मधले बोल्ट. स्टिअरिंगच्या दांड्याचे झिजलेले जोड बदलले. दोन्ही चाकांमधलं पुढचं आणि मागचं अंतर त्याने दोरी आणि टेपने तीनतीनदा मोजलं. टेकडीवरून आल्यावर टायरांत मी हवा भलतीच जास्त भरली होती, ती कमी केली. पुलावर जे झालं, त्यात माझा हात कुठे कुठे होता, ते एकेक करून माझ्यासमोर येत होतं, आणि तो मात्र ते कुठेही बोलून दाखवत नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी तो मला बाजूला बसवून देवास रोडवर गेला. सत्तरवर त्याने स्टिअरिंगवरची पकड ढिली केली. गाडी सरळ जात राहिली. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं की त्या पाचरीने नेमकं काय होतं. तो म्हणाला, सायकलचं पुढचं चाक ज्यात बसतं तो चिमटा थोडा तिरका असतो ना, म्हणून हात सोडले तरी सायकल सरळ जाते, तसंच. पूर्ण रस्त्यात एवढंच बोलला. त्याच पुलावरून आम्ही गेलो. काही झालं नाही.

घरी मी सांगितलं, दुरुस्त झाली. दाताच्या डॉक्टरने आईला तुटलेल्या दातावर टोपी, म्हणजे कॅप, बसवायला सांगितली, ती नको म्हणाली. आरशात बघताना जिभेने तुटलेली कड चाचपायची. महिनाभराने एका दुपारी शेजारच्या काकू आल्या होत्या. त्यांना सगळी हकिकत सांगून झाल्यावर आई म्हणाली, "मिस्त्रीचं वय झालं असेल हो, हातून चूक होते माणसाच्या." मग माझ्याकडे वळून, "तू फार बोलला नाहीस ना रे त्याला?"

मी म्हणालो, नाही. तेही खोटंच होतं. 

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास वर्कशॉप उघडायच्या वेळीच जाऊन उभा राहिलो. मिस्त्री कुलूप काढत होते. मी त्यांना सांगितलं की मी पाचशेवर आलोच नव्हतो. त्यांनी कुलूप हातात तसंच धरून ठेवलं.  त्यांनी माफही केलं नाही आणि रागावलेही नाहीत. म्हणाले, "मुझसे क्या कह रहे हो. उससे कहो."

भाऊ अर्ध्या तासाने सायकलवरून आला. मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, मला त्याच दिवशी कळलं होतं. मी विचारलं, मग रेघ भावाला दाखवली का नाहीस? त्याने सायकल भिंतीला लावली, डबा आत ठेवला आणि मग उत्तर दिलं.

"भैया ने सबके सामने आपकी बात मान ली थी. मैं निशान दिखाता तो भैया छोटे पड़ते."

 मी क्षमा मागितली, मराठीत मागितली की हिंदीत ते आठवत नाही. तो म्हणाला की त्या दिवशी लोक बसले होते, तुम्ही लोकांसमोर बोलला होतात. त्याने पुढे काही मागितलं नाही, पण मला समजलं.

मी अकरा वाजेपर्यंत थांबलो. दोन गिऱ्हाइकं आली. दोघंही त्या दिवशी नव्हते. मी उभा राहून त्यांना सांगितलं की गेल्या महिन्यात मी इथं मिस्त्रींच्या भावावर खोटा आळ घेतला, चूक माझी होती. ते दोघं माझ्याकडे चमत्कारिक नजरेने बघत राहिले. त्यातल्या एकाने मिस्त्रींना विचारलं, याची गाडी कुठली? मिस्त्रींनी बोट दाखवलं. तो म्हणाला, बरीच उंच आहे. आणि त्याने आपल्या क्लचबद्दल बोलायला सुरुवात केली. भाऊ तोपर्यंत एका ट्रकखाली शिरला होता. त्याने ऐकलं की नाही, मला आजही ठाऊक नाही.

घरी येऊन आईला सांगितलं. हे सगळ्यांत अवघड गेलं. तिने माझ्याकडे न बघता भाजी निवडत विचारलं, "आणि देवासला?"

देवासला मी फोन केला नव्हता. मेहुण्याने मुंजीनंतर आपली गाडी त्या मिस्त्रीकडे न्यायचं बंद केलं होतं. त्याने ते आपल्या आणखी दोन ओळखीच्यांनाही सांगितलं होतं, मला नंतर कळलं. शेवटी मी त्याला सांगितलं, तेही समोरासमोर, पुढच्या भेटीत. तो हसला. म्हणाला, "अहो, जाऊ द्या, सगळे मिस्त्री सारखेच." मी पुन्हा सांगायला गेलो, चूक माझी होती म्हणून. तोवर त्याने विषय बदलला होता. त्याची गाडी आता दुसरीकडेच जाते.